भांडारगृहातील उष्णता : नोंदवही आणि स्वयंचलित इशारा

औषधाचे सवीर्यत्व किती काळ टिकते याचा विचार शार्ङ्गधराचार्यांनी संहितेच्या प्रथम खंडातच केला आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व लेह वर्षानंतर. आसव, धातू व रसकल्प मात्र जुने झाले तरी गुणयुक्तच. आजच्या औषधनिर्मात्यास औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१-ब अन्वये लेबलावर वापराची अंतिम मुदत छापावी लागते. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे औषध योग्य जागी ठेवलेले असणे.

आमची लहानशी फार्मसी विदर्भात आहे. २०१९ च्या मे महिन्यात वरच्या फळीवरील योगराज गुग्गुळाच्या गोळ्या डब्यातल्या डब्यात चिकटून त्यांचा एकच गोळा झाला. भिंतीवर तापमापक होता, नोंदवहीही होती. सकाळी नऊ आणि रात्री आठ या वेळांचे आकडे नित्यनेमाने भरलेले. दुपारी दोन ते चार या वेळात टिनाच्या छपराखाली काय घडत होते, हे त्या वहीस ठाऊकच नव्हते. काही दिवसांच्या नोंदी तर एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेल्या होत्या. हस्ताक्षर आमचेच असल्याने दोष कोणास देणार?

त्यानंतर आम्ही डिजिटल सेन्सर बसविले. डीएस१८बी२० या नावाने बाजारात मिळणारा हा सेन्सर स्वस्त असून उणे १० ते ८५ अंश सेल्सियस या कक्षेत त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते. प्रत्येकास स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असल्यामुळे एकाच तारेवर अनेक सेन्सर जोडता येतात व कोणता आकडा कोणत्या फळीचा हे कळते. वाय-फाय असलेले एक छोटे यंत्र दर पाच मिनिटांनी हे आकडे संगणकाकडे पाठविते आणि मर्यादा ओलांडली की भ्रमणध्वनीवर संदेश येतो. सेन्सर भिंतीला चिकटवू नये. भिंत स्वतःच तापते. आम्ही एक टोक ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवून घृताच्या डब्याशेजारी ठेवले. दार उघडताच हवा तापते, डब्यातील घृत तितक्या लवकर तापत नाही.

आरंभी इशाऱ्यांनी आम्हांस भंडावून सोडले. एके रात्री संदेश आला : ८५ अंश! धावत जाऊन पाहतो तो खोली थंडगार. वीज जाऊन परत आल्यावर, पहिले मोजमाप पूर्ण होण्यापूर्वीच वाचन घेतले, तर हा सेन्सर ८५ हाच ठरावीक आकडा देतो, हे नंतर समजले. आता तो आकडा आल्यास यंत्र पुन्हा मोजते. तापमान ३० च्या वर सलग वीस मिनिटे राहिले तरच इशारा निघतो आणि ते २८ पर्यंत उतरल्याखेरीज इशारा मिटला असे धरले जात नाही. हे दोन आकडे निरनिराळे ठेवले नाहीत, तर मर्यादेच्या आसपास घुटमळणारे तापमान तासात दहा संदेश पाठविते आणि माणूस संदेश वाचणेच सोडून देतो.

परंतु खरा धडा मिळाला तो २०२२ मध्ये. इंटरनेटचा राउटर बदलला, त्याचा पासवर्ड बदलला आणि आमचे यंत्र मुके झाले. अकरा दिवस एकही संदेश आला नाही; आम्ही त्या शांततेलाच क्षेम समजलो. त्याच दिवसांत वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर बंद पडला होता. पंखा फिरत असल्याने सकाळी खोली उघडणाऱ्यास काही जाणवले नाही. फलघृत घेणाऱ्या एका भगिनीने वास पालटल्याचे सांगितले, तेव्हा आम्ही डबा उघडला. गंध पुरेसा बोलका होता. त्या अवधीत चौघींना ते घृत दिले गेले होते. अपत्यप्राप्तीच्या आशेने आलेल्या रुग्णांना बोलावून चूक सांगणे किती अवघड, हे वैद्यबंधूंना निराळे सांगावयास नको. घृत बदलून दिले, उरलेले टाकून दिले.

आता यंत्र रोज सकाळी सात वाजता ‘चालू आहे’ एवढाच संदेश पाठविते. अर्धा तास आकडे न आल्यास संगणक स्वतः इशारा देतो. पहिल्या व्यक्तीने पंधरा मिनिटांत उत्तर न दिल्यास दुसऱ्या क्रमांकावर संदेश जातो. यंत्रास व राउटरला लहान बॅटरी जोडली आहे; वीज गेली की शीतयंत्र थांबते, म्हणजे पहाऱ्याची गरज नेमकी त्याच वेळी अधिक. नोंदवही मात्र ठेवलीच आहे, आणि महिन्यातून एकदा पारायुक्त तापमापकाशी सेन्सर ताडून पाहतो.

संधानगृहात याचा निराळाच उपयोग झाला. पूर्वाचार्य संधानपात्र धान्यराशीत का ठेवीत, हे विदर्भातील थंडीत आलेख पाहताना पटते. पहाटे खोलीचे तापमान घसरते तेव्हा किण्वक्रिया मंदावते. या क्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने द्राक्षासवाचे पात्र खोलीपेक्षा काही अंश उष्ण राहत होते. ते अंतर मिटले त्याच्या दुसऱ्या दिवशी पात्राच्या मुखाशी धरलेली काडी विझेनाशी झाली. तरीही काडी पेटवून पाहण्याची रीत आम्ही सोडलेली नाही.