बेझलची ‘टिक’ बिघडली तर...

सांगली : पुराच्या गाळाचा कण किती बारीक असतो, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा तो कुलूप-बिजागऱ्यांतही जाऊन बसला. पाणबुड्यांसाठीच्या ‘डायव्हर’ घड्याळाचे फिरते कडे, म्हणजे ‘बेझल’, अडकवायला असा चिमूटभर गाळ पुरतो. नदीत पोहताना ते हातात असेल, तर तो वर्षानुवर्षे साचत राहतो. कडे कधी घट्ट बसते, तर कधी त्याखालची स्प्रिंग झिजून ते गरागरा फिरू लागते. सुदैवाने बहुतेक घड्याळांत हा भाग जलरोधक पेटीच्या बाहेर असल्याने दुरुस्ती घरी करता येते.

पाण्यात उतरताना कड्यावरील त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणला, की पुढे किती मिनिटे गेली ते थेट वाचता येते. १९५३ मध्ये ‘ब्लांपां’ कंपनीने फ्रेंच पाणबुड्यांसाठी केलेल्या घड्याळातही हीच सोय होती. आजच्या घड्याळांत हे कडे फक्त डावीकडे फिरते. धक्क्याने ते सरकले, तर गेलेला वेळ जास्त दिसतो आणि पाणबुड्या लवकर वर येतो. स्प्रिंग निकामी होऊन ते उजवीकडे सरकले, तर मात्र गेलेला वेळ कमी दिसतो. सिलिंडरमधील हवा मोजकी असते. तेथे ही चूक जिवावर बेतू शकते.

कामाआधी पेटीच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावावी. बोथट, पातळ पाते कड्याखालील फटीत सरकवून ते चोहोबाजूंनी थोडे थोडे उचलावे. कडे स्क्रूने बसवलेले असेल, तर आधी ते स्क्रू काढावेत. हे सारे पारदर्शक प्लास्टिक पिशवीत हात घालून करणे उत्तम. आत वाकवलेली पातळ पट्टी किंवा छर्रा व इवलीशी स्प्रिंग असते, आणि ती उडते. (प्रस्तुत प्रतिनिधीची एक स्प्रिंग अजून सापडलेली नाही!) सुटे कडे साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशने धुवावे; पेटीवरची खाच दातकोरणीने कोरून ओलसर फडक्याने पुसावी. नवी स्प्रिंग त्याच मॉडेलची हवी. रबरी रिंग कडक झाली असेल तर बदलावी आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्यावा. कडे बोटांनी सरळ दाबून बसवावे.

आकड्यांची चकती बदलताना घाई नडते. जुनी चकती हेअर ड्रायरच्या उबेने सुटते. सिरॅमिकची असेल तर वाकवू नये, ती तडकते. नवी लगेच चिकटवू नये. आधी कडे ‘टिक’ करून थांबेल तेथे थांबवावे, मग त्रिकोण डायलवरील बाराशी जुळवून चकती दाबावी. उलट क्रमाने केल्यास त्रिकोण कायमचा अर्धी खाच बाजूला राहतो.

काही घड्याळांत काच दाबून धरणारी रिंग बेझलखालीच असते. ती दिसताच हात आवरता घ्यावा आणि घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे द्यावे. जुन्या घड्याळांच्या चमकत्या ठिपक्यांत किरणोत्सर्गी रेडियम असू शकते. ते खरवडू नयेत. आणि तारकर्लीच्या समुद्रात घड्याळ नेण्यापूर्वी त्याची पाणदाब चाचणी करून घ्यावी, कारण ती घरी करता येत नाही.