लघवीतून वाहून जाणारी अमिनो आम्ले

मूत्रपिंडाला आपण गाळणी म्हणतो. पण गाळणे हा त्याच्या कामाचा सोपा भाग आहे. दिवसभरात दोन्ही मूत्रपिंडांतून साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचे सगळे रक्तात परत घ्यावे लागते. त्या द्रवात अमिनो आम्लेही असतात, म्हणजे ज्यांच्यापासून प्रथिने बनतात ते घटक. रोज सुमारे ५० ग्रॅम अमिनो आम्ले गाळली जातात आणि त्यांतली ९८ टक्क्यांहून अधिक नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणी-एककाच्या, सुरुवातीच्या वळणदार नळीत परत शोषली जातात. त्याच नळीच्या पेशी सिट्रुलिनपासून आर्जिनिन बनवतात. शरीरात आम्लता वाढली की ग्लुटामिन तोडून अमोनिया तयार करतात आणि आम्ल बाहेर टाकायला मदत करतात.

एवढ्या कामाला ऊर्जा लागते. या पेशी ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात. तिथे तयार होणाऱ्या एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या जोरावर पेशीतला पंप सोडियम सतत रक्ताच्या बाजूला फेकत राहतो. मग नळीतला सोडियम पेशीत शिरू पाहतो आणि शिरताना अमिनो आम्ले, ग्लुकोज, फॉस्फेट यांना सोबत घेऊन येतो. पंप थकला की ही सोबत तुटते.

ती कशी तुटते, हे मॅलेइक आम्ल या रसायनाने फार स्पष्ट दाखवले. पेशींच्या ऊर्जाचक्रात, म्हणजे हान्स क्रेब्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चक्रात, फ्युमॅरिक आम्ल येते. मॅलेइक आम्लाचे रेणुसूत्र अगदी तेच: चार कार्बन, चार हायड्रोजन, चार ऑक्सिजन. फरक एवढाच की फ्युमॅरिकमध्ये दोन आम्लगट दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना असतात, तर मॅलेइकमध्ये एकाच बाजूला. पहिले पेशीचे इंधन आणि दुसरे तिचे विष! मॅलेइक आम्ल मूत्रपिंडाच्या पेशीत गेले की ऊर्जाचक्राला लागणारे को-एन्झाइम ए त्याच्याशी जोडले जाऊन अडकून पडते. ऊर्जाचक्र मंदावते, एटीपी घटते, पंप ढेपाळतो. उंदरांना हे आम्ल टोचले की थोड्याच वेळात त्यांच्या लघवीत अमिनो आम्ले, ग्लुकोज आणि फॉस्फेट उतरू लागतात. माणसातल्या अशाच विकाराला स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विडो फँकोनी यांचे नाव आहे. प्रयोगशाळेत हा विकार उंदरांमध्ये घडवण्यासाठी मॅलेइक आम्ल १९५०च्या दशकापासून वापरात आहे.

हेच रसायन २०१३ साली तैवानमध्ये खाण्यात सापडले. दुधाळ चहातले साबुदाण्यासारखे टपोरे गोळे, नूडल्स असे पदार्थ अधिक चिवट व्हावेत म्हणून स्टार्चवर मॅलेइक अॅनहायड्राइडची प्रक्रिया केली होती. पाण्यात त्याचे मॅलेइक आम्ल होते. बाजारातून माल मागे घ्यावा लागला. खाण्यातून पोटात जाणारी मात्रा प्रयोगातल्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते, हे खरे. तरीही मूत्रपिंड बिघडवण्यासाठी शास्त्रज्ञ जे मुद्दाम वापरतात, ते लोकांच्या खाण्यात मिसळणे हा निव्वळ गुन्हा आहे.

औषधांनीही नळीचा असा बिघाड होतो. मुदत संपलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल घेतलेल्या रुग्णांना फँकोनी विकार झाल्याचे १९६३ साली अमेरिकेत नोंदवले गेले. जुन्या कॅप्सूलमध्ये मूळ औषधाचे विघटन होऊन अपायकारक संयुग तयार झाले होते, आणि कॅप्सूलमध्येच घातलेल्या सायट्रिक आम्लाने त्या विघटनाला हातभार लावला होता. औषध थांबवल्यावर रुग्ण सावरले.

आज आपल्याकडे याच्याशी सर्वांत जवळचा संबंध आहे तो टेनोफोव्हिरचा. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या दोन्हींवर ते दिले जाते आणि एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रांवर मोफत मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीतही असते. लाखो जीव वाचवणारे हे औषध आहे. काही थोड्या रुग्णांत मात्र ते याच नळीच्या पेशींत साठते आणि मायटोकॉन्ड्रियांना इजा करते. मग रक्तातली साखर अगदी ठीक असूनही लघवीत साखर दिसते, रक्तातले फॉस्फेट घटते आणि पुढे हाडे दुखू लागतात. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासणीतले क्रिएटिनिन नुसते पाहिले तर सुरुवातीचा बिघाड नजरेतून सुटू शकतो.

म्हणून हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांनी ते स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा क्रिएटिनिनबरोबर लघवीतली साखर व प्रथिने आणि रक्तातले फॉस्फेटही तपासायला हवे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.