सर विठ्ठलदास ठाकरसी : गिरणीची संपत्ती व लोकहित

कापूस किनवटच्या मुलांच्या नित्य परिचयाचा आहे. परंतु त्याचे सूत व कापड होऊन जी संपत्ती उत्पन्न होते, तिचा विनियोग पुढे कसा होतो, याचा विचार क्वचितच घडतो. म्हणून एका गिरणीमालकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांचा जन्म १८७३ साली मुंबईच्या एका भाटिया गिरणीमालक घराण्यात झाला. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतच ते लहानाचे मोठे झाले. त्याच अमदानीत, १८९६ साली, सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन कर बसविला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस येथील चढाओढ नको होती, हे त्याचे मूळ. विठ्ठलदासांनी कायदेमंडळात या कराविरुद्ध आवाज उठविला. यात त्यांचा स्वार्थ होता, असे कोणी म्हणेल. तो होताच, परंतु कराचा भार धोतर-लुगडे विकत घेणाऱ्या गरिबावरही पडत होता, हेही तितकेच खरे. १९०६ साली कलकत्त्याच्या औद्योगिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांस मिळाले व १९०८ साली 'सर' ही पदवी लाभली.

स्वार्थापलीकडची त्यांची दृष्टी पुढील दोन कार्यांत दिसते. एकट्या शेतकऱ्यास पत नसते, म्हणून तो सावकाराच्या व्याजात बुडतो. परंतु गावची सोसायटी सर्वांच्या वतीने जामीन राहिली, तर तीस बँक कर्ज देऊ शकते. या तत्त्वावर १९११ साली त्यांनी लल्लूभाई सामळदासांसह मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक काढली. तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक होय. पुढे १९२० साली, अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ त स्थापिलेल्या महिला विद्यापीठास त्यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी दिली व त्यास आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव दिले.

दुसरी बाजूही सांगणे आम्हांस अवश्य वाटते. या संपत्तीच्या मुळाशी कामगारांचे कष्ट होते. कापड गिरणीत प्रौढ पुरुषाने दिवसास बारा तासांहून अधिक राबू नये, असा निर्बंध १९११ च्या कायद्यास घालावा लागला. त्यावरून पूर्वीची स्थिती ताडावी.

१९२२ साली विठ्ठलदास निवर्तले. कर १९२६ साली रद्द झाला, तो पाहण्यास ते नव्हते. विद्यापीठ मात्र अद्याप चालू आहे. गिरणी वारशाने मिळते. तिचे विद्यालय करण्याची बुद्धी ज्याची त्यानेच मिळवावयाची असते. पालकहो, आपल्या कन्येस शाळेतून काढण्यापूर्वी नाथीबाईंच्या या पुत्राचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती.