गच्चीवरचे उघडे तोंड

मोरी म्हणा की बच्चलू, वास सुटला की आपण आधी फिनेल ओततो. आमच्या गल्लीत एका घरी पावसाळाभर तेच चालले होते, तेही घरात बाळंतीण लेक असताना. वरच्या मजल्यावर फ्लश सोडला की खाली मोरीच्या जाळीत गुडगुड व्हायची. ती ऐकून मी म्हटले, "मावशी, फिनेल राहू द्या, आधी गच्ची बघू."

जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साठलेले असते. गटाराचा वायू घरात येण्यापासून अडवते ते एवढेच पाणी! संडासाचे पाणी उभ्या पाइपातून वेगाने उतरताना मागे हवा ओढते. वरून हवा मिळाली नाही, तर ट्रॅपमधले पाणीच खेचले जाते. म्हणून तो पाइप छताच्या वर नेऊन उघडा ठेवायचा असतो.

मावशींच्या गच्चीवर पत्रे घालताना कुणीतरी नेमका तोच कापून वर सिमेंट थापले होते. दिसायला मात्र छान! आम्ही तो पत्र्याच्या वर काढला, तोंडाला डासांची जाळी बांधली. खिडकीजवळ हे तोंड नसावे.

आणि न वापरातल्या मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतत जा. ट्रॅप सुकला तर पाइप असूनही वास येतोच.