पीट नांवाची जळती माती आणि मद्याचा स्वाद

मद्यपानास उत्तेजन द्यावें या हेतूनें हा लेख लिहिलेला नाहीं. प्रस्तुत लेखकानें तो पदार्थ चाखलेलाही नाहीं, आणि स्वादाचें जें वर्णन पुढें येईल तें जाणकारांच्या तोंडचें आहे. परंतु जमिनीचा गुण पदार्थांत कसा उतरतो हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे, आणि स्कॉटलंडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीइतकें त्याचें उघड उदाहरण सहसा सांपडत नाहीं. म्हणून हा प्रपंच.

आमच्या मीरा-भाईंदर भागांतील रोपवाटिकांत ‘कोकोपीट’ विकतात, त्यामुळें पीट हा शब्द पुष्कळांच्या कानावरून गेला असेल. तो नारळाच्या काथ्याचा भुसा होय. खरें पीट निराळें. स्कॉटलंडांत पाऊस पुष्कळ, ऊन मंद व थंडी फार. दलदलीच्या जमिनींत पाणी बारमास तुंबून राहतें. तेथें वाढणारें स्फॅग्नम नांवाचें शेवाळ, हीदर नांवाचें झुडूप आणि लव्हाळ्यासारखीं गवतें मरून पडतात. पण हवा न मिळाल्यामुळें व पाण्याच्या आंबटपणामुळें तीं पुरतीं कुजत नाहींत. थरावर थर चढत जातो. हें काम इतकें सावकाश चालतें कीं, वर्षाकाठीं सरासरी एक मिलिमीटर भर पडते. म्हणजे हातभर जाडीस चारपांचशें वर्षें लागतात. वसंत ऋतूंत लांब पात्याच्या फावड्यानें विटांसारखे तुकडे कापून ते वाऱ्यावर वाळवितात. वाळलेला तुकडा गोंवरीसारखा धुमसत जळतो. जेथें झाडें कमी तेथें लोकांच्या चुली यावरच पेटत असत.

आपल्या खाजणांतील काळ्या चिखलांतही तिवरांचीं पानें व मुळें हवेवांचून पडून असतात. त्या चिखलास सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यामुळेंच. मग आपलें खाजण जळत कां नाहीं? एक तर येथील उष्णतेनें कुजण्याचें काम झपाट्यानें होतें. पुष्कळ पानें खेकडे खाऊन टाकतात. शिवाय भरती दिवसांतून दोनदां गाळ आणून टाकते व त्यांत वनस्पतीचा अंश हरवून जातो. असा चिखल वाळवून चुलींत घातला तर विटेसारखा भाजेल, पेटणार नाहीं. महसूल खात्याच्या नोकरींत मीं खार जमिनींचे आकार वर्षानुवर्षें नकलून काढले. पण एक दलदल सरपण होते व दुसरी होत नाहीं, हा विचार तेव्हां मनांत आला नव्हता.

आतां हें सरपण मद्यांत कसें शिरतें तें पाहूं. सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यांत केवळ मोड आणलेल्या जवापासून गाळलेली व्हिस्की. मोड आणण्याची कृति आपल्या घरच्या नाचणीच्या सत्त्वासारखीच आहे. जव दोनेक दिवस भिजवितात, चार-सहा दिवस मोड येऊं देतात, आणि मोडानें दाण्यांतील सत्त्व खाऊन टाकण्यापूर्वीं भट्टीवर वाळवून त्याची वाढ थांबवितात. सारी मेख येथें आहे. दाणा ओला असतांना भट्टींत पीट जाळलें, तर धूर टरफलास चिकटून बसतो. दाणा सुकल्यावर कितीही धूर दिला तरी तो फारसा लागत नाहीं. म्हणून धुराचें काम आरंभींच उरकून पुढें साध्या ऊन हवेनें दाणा वाळवितात. या धुरांत फिनॉल जातीचीं द्रव्यें असतात. औषधासारखा, डांबरासारखा, विझलेल्या शेकोटीसारखा जो वास सांगतात तो त्यांचा. मोडाच्या जवांतील त्यांचें प्रमाण दशलक्ष भागांत मोजतात. तीस-चाळीस भाग म्हणजे धूर चांगलाच जाणवतो. यांतील पुष्कळसा अंश गाळतांना मागें राहतो.

पीटांतून वाहून आलेल्या तांबूस पाण्यामुळें तो स्वाद येतो, अशी एक समजूत आहे. ती बहुतांशीं चूक आहे. आयला बेटावरील ब्रुकलॅडी कारखान्याचा नेहमींचा माल धुराशिवाय होतो, आणि त्याच कारखान्यांत ऑक्टोमोर नांवाचा माल होतो, ज्याच्या जवांत फिनॉलचें प्रमाण बहुधा शंभर भागांहून अधिक असतें. कारखाना एक, बेट एक. फरक पडतो तो भट्टींत जळलेल्या पीटाचा.

आणि पीट तरी सगळीकडे सारखें कोठें आहे? अलिबागकडे पोपटीच्या मडक्यांत भांबुर्डीचा पाला घालतात. तो वगळून दुसरा पाला घाला, शेंगा शिजतील, पोपटी होणार नाहीं. तसेंच येथें. ऑर्कनी बेटांवर वाऱ्यामुळें झाडें जवळजवळ नाहींत. तेथील पीटांत हीदर पुष्कळ, म्हणून धूर सौम्य व फुलासारखा गोडसर सांगतात. आयलाचा धूर उग्र व औषधी म्हणून प्रसिद्ध आहे. एकाच खड्ड्यांतही वरचा थर मुळ्यांनीं भरलेला व खालचा कोळशासारखा काळा असतो, आणि ऑर्कनींतील हायलंड पार्क कारखाना हे थर ओळखून वापरतो. हजारों वर्षांपूर्वीं त्या जागीं काय उगवलें, याचा हिशेब अशा रीतीनें धुरांत उतरतो.

आपल्याजवळचें उदाहरण गोव्याचें आहे. कुंकळ्ळी येथें पॉल जॉन या नांवाची सिंगल माल्ट व्हिस्की होते. ती २०१२ सालीं प्रथम इंग्लंडांत विक्रीस गेली. तिच्या धुराच्या प्रकारांसाठीं पीट स्कॉटलंडहून आणवितात. जव मात्र उत्तर भारतांतील, सहा रांगांच्या कणसाचें. म्हणजे धूर परक्या दलदलीचा, दाणा आपल्या शेताचा. गोव्याचा वांटा उष्णतेचा. लाकडी पिंपांत मुरतांना स्कॉटलंडांत वर्षाला शेंकडा सुमारें दोन भाग उडून जातात, गोव्यांत सुमारें आठ. त्यामुळें तेथें जें मुरण्यास दहा-बारा वर्षें लागतात तें येथें पांच-सहा वर्षांत साधतें, पण पिंपही तितकेंच लवकर रिकामें होतें. बंगळूरच्या अमृत कारखान्यानें आपली सिंगल माल्ट २००४ सालीं ग्लासगो येथें विक्रीस नेली होती. त्याचा ‘फ्यूजन’ हा माल तर आपलें जव व स्कॉटलंडचें धुरी दिलेलें जव मिळून होतो.

माझा रोख पुढील गोष्टीवर आहे. बाटलीवर बेटाचें नांव येतें, कारखान्याच्या गांवाचें येतें. जव पिकविणारा मात्र बाजारभावानें पोतीं घालून मोकळा होतो. हें स्कॉटलंडांतही फार दिवस असेंच होतें, कारण आयलावरील कारखानेही बहुतेक जव बेटाबाहेरून आणतात. ब्रुकलॅडीनें २००४ पासून बेटावरील शेतकऱ्यांकडून जव पिकवून घेण्यास आरंभ केला, व त्या मालाच्या बाटलीवर शेतांचीं नांवें छापलीं. यांत शास्त्र थोडें व दप्तर अधिक आहे: कोणतें पोतें कोणत्या शेताचें, एवढी नोंद शेवटपर्यंत न तुटतां ठेवावी लागते. आपल्या मंडळामार्फत जी नाचणी व जें भात विकलें जातें, त्याच्या पावतीवर गांवाचें नांव व सर्व्हे नंबर घालण्यास एका कारकुनाचें दिवसाला अर्ध्या तासाचें काम पुरेल. पुढील सभेंत हा विषय घ्यावा, अशी चिटणिसांस विनंती आहे.