बर्फाचे वाळवंट आणि गोंडवनाचा कोळसा

वाळवंट म्हटले की आम्हां ग्वाल्हेरकरांच्या डोळ्यांपुढे शेजारच्या राजस्थानातील तापलेली वाळू उभी राहते. परंतु जगातील सर्वांत मोठे वाळवंट बर्फाचे आहे, असे सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. ते म्हणजे दक्षिण ध्रुवाभोवतीचे अंटार्क्टिका खंड होय. त्याचा विस्तार सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर असून त्यावरील बर्फाची जाडी सरासरी सुमारे २ किलोमीटर आहे.

इतका बर्फ असता त्यास वाळवंट का म्हणावे? वाळवंट ठरते ते उष्णतेवरून नव्हे, कोरडेपणावरून. हवा जितकी थंड, तितके तिच्यात बाष्प कमी मावते. तेथील व्होस्तोक या ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी तापमान शून्याखाली ८९.२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा हवेतून हिम पडणार ते किती? खंडाच्या अंतर्भागात वर्षभर पडलेले हिम वितळविले, तर जेमतेम ५ सेंटिमीटर पाणी होईल. मात्र तेथे पडलेले हिम वितळतच नाही. थरावर थर साचतात, दाबाने घट्ट होतात, आणि लक्षावधी वर्षांत त्यांचा पर्वत होतो.

हे खंड सदैव असेच होते काय? १९१२ साली ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती मृत्युमुखी पडले. त्यांनी अखेरपर्यंत ओढत आणलेल्या सुमारे १६ किलो दगडांत ग्लोसॉप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडले. म्हणजे या बर्फाखालच्या भूमीवर एके काळी अरण्ये होती! हेच ठसे आपल्या मध्य भारतातील कोळशाच्या थरांजवळही आढळतात. भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका तेव्हा एकत्र जोडलेले होते. त्या महाखंडाचे ‘गोंडवन’ हे नाव तर आपल्याच गोंड लोकांच्या प्रदेशावरून पडले आहे.

याहून विलक्षण गोष्ट विदर्भात पाहावयास मिळते. चंद्रपूर जिल्हा कडक उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे पैनगंगेच्या काठी, इरई गावाजवळ, चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. हिमनदी सरकताना तिच्या तळात अडकलेले दगड खालचा खडक असाच खरवडतात. फेडन या भूवैज्ञानिकाने १८७५ साली ही खूण जगापुढे मांडली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होता व तेथे बर्फ होते. बर्फ हटल्यावर अरण्ये वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. पुढे भूखंडे विलग झाली. भारत उत्तरेस आला, अंटार्क्टिका ध्रुवावर राहिले.

हवामान पूर्वीही बदलले, मग आज चिंता कशाची, असा प्रश्न येथे कोणी विचारील. याचे उत्तर त्या थंड वाळवंटानेच जपून ठेवले आहे. हिम दाबले जाताना त्यात त्या त्या काळची हवा सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने कोंडली जाते. युरोपीय शास्त्रज्ञांनी तेथे ३ किलोमीटरांहून खोल छिद्र घेऊन ८ लाख वर्षांची हवा तपासली. कारखान्यांच्या युगापूर्वी त्या हवेत कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण दर १० लाख भागांत सुमारे १७० ते ३०० यांदरम्यानच राहिले. आज ते ४२० च्या वर गेले आहे. भूखंडे सरकण्यास कोट्यवधी वर्षे लागली. ही वाढ मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्याने दोन-अडीच शतकांत झाली आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. अंटार्क्टिकावरील सारा बर्फ वितळला, तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. हे एका पिढीत होणारे नव्हे. परंतु त्याचा थोडासा अंश वितळला तरी मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावरील आपल्या आप्तांना त्याची झळ पोहोचेल.

या बर्फाच्या अभ्यासात आपला देशही मागे नाही. १९८२ च्या जानेवारीत पहिले भारतीय पथक तेथे उतरले. १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपूर येथे जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. १९८९ साली ‘मैत्री’ हे ठाणे उभे राहिले. या कार्याचे केंद्र गोव्यात आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या घरातील दिव्याची वीज बहुतांशी कोळशापासूनच येते. कोट्यवधी वर्षांत साठलेली ही ठेव आपण काही पिढ्यांतच उधळीत आहोत. ती जपून वापरण्याचा आणि सूर्य व वारा यांची शक्ती कामी लावण्याचा मार्ग शोधणे हे आता आपल्या पिढीचे काम आहे.