राज्याचें अंदाजपत्रक आणि घरची वही

मार्च महिन्यांत राज्याचें अंदाजपत्रक विधिमंडळापुढें मांडलें जातें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या घरीं वर्तमानपत्राची वांटणी होते. चिरंजीव रस्त्यांची व पुलांची यादी वाचतात. सूनबाई पेट्रोलवर कांहीं वाढलें काय तें पाहते. मी निवृत्तिवेतनाविषयीं चार शब्द सांपडतील म्हणून चष्मा पुसतों. आंकड्यांचें पान मात्र कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. तें पुढें फडताळांत डब्यांखालीं जातें. एके दिवशीं डबे पुसतांना तेंच पान मीं बाहेर काढून वाचलें, आणि वाचतां वाचतां मला आमच्या वडिलांच्या दोन कर्जांची आठवण झाली. ती हकीकत आधीं सांगतों. कारण ती समजली म्हणजे अंदाजपत्रक समजावयास फारसें कांहीं उरत नाहीं.

आमचे वडील भिक्षुकी करीत. जोडीला थोडी शेती होती. १९६४ सालीं त्यांनीं विहिरीसाठीं कर्ज काढलें, आणि पुढच्याच वर्षीं माझ्या व माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीसाठीं दुसरें. विहिरीला पाणी लागलें, मळा उभा राहिला, आणि मळ्याच्या उत्पन्नांतूनच सात वर्षांत तें कर्ज फिटलें. मुंजीचें गांवजेवण दोन दिवस चाललें. तें मीहि पोटभर जेवलों. परंतु पंगत उठल्यावर मागें उरल्या त्या पत्रावळी आणि व्याज. त्या व्याजापायीं अखेर १९७३ सालीं चिंचेखालचें शेत विकावें लागलें. वडील उधळे मुळींच नव्हते. मुलांची मुंज करणें हें त्यांचें कर्तव्यच होतें. चूक एवढीच कीं, जो खर्च खाऊन संपावयाचा तो त्यांनीं ऋण काढून केला.

राज्याच्या अंदाजपत्रकांत नेमके हेच दोन खर्च वेगळे मांडलेले असतात. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानें हा महसुली खर्च. धरण, रस्ता, पूल, रुग्णालयाची इमारत हा भांडवली खर्च. जमेच्या बाजूस वस्तु व सेवा कर, पेट्रोल-डिझेल व मद्य यांवरील कर, मुद्रांक शुल्क, वाहनांवरील कर आणि केंद्राच्या करांतील राज्याचा वांटा, ही महसुली जमा होय. पूर्वीच्या राजांचा मुख्य आधार जो शेतसारा, तो आतां या यादींत नांवापुरता उरला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाल्यावर बहुतेक जिन्नसांवरील कराचे दर केंद्र व राज्यें मिळून परिषदेंत ठरवितात. म्हणून ‘काय स्वस्त, काय महाग’ हें राज्याच्या अंदाजपत्रकांत शोधणें आतां बव्हंशीं व्यर्थ आहे. शोधावयाचें तें निराळेंच. चालू खर्च चालू जमेहून अधिक झाला, तर त्या फरकास महसुली तूट म्हणतात. आणि सर्व खर्च भागविण्यासाठीं एकंदर जें ऋण काढावें लागतें, ती राजकोषीय तूट. पहिली तूट दुसरीच्या पोटांत असते.

१० मार्च २०२५ रोजीं तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनीं महाराष्ट्राचें २०२५-२६ सालचें अंदाजपत्रक मांडलें. एकंदर खर्च ७,००,०२० कोटी रुपये; महसुली जमा ५,६०,९६४ कोटी; महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी; म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. एवढे मोठे आंकडे मनास पेलत नाहींत, म्हणून शंभर रुपयांचा संसार मानूं. या संसारांत मिळकतीचे ८० रुपये आले. रोजच्या खर्चास सुमारें ८७ लागले, आणि विहिरीसाठीं १३ ठेवले. म्हणजे विहिरीचे तेरा तर ऋणाचे झालेच. पण जेवणाचेहि सात ऋणाचेच झाले. काढलेल्या दर तीन रुपयांतील एक रुपया पंगतींत गेला. आदल्या वर्षीं, जून २०२४ मध्यें मांडलेल्या अंदाजांत, महसुली तूट २०,०५१ कोटी व राजकोषीय तूट १,१०,३५५ कोटी होती. तेथें हें प्रमाण साडेपांच रुपयांत एक असें होतें.

यावर सरकारपक्षाचें उत्तर आहे, आणि तेंहि न्यायानें ऐकलें पाहिजे. राजकोषीय तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आंत असावी असा दंडक आहे. २०२५-२६ च्या अंदाजांत ती २.७६ टक्के होती. राज्यावरील एकंदर ऋण ९,३२,२४२ कोटी रुपये धरलें होतें. तेंहि उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आंतच भरतें. मर्यादा पाळली गेली हें खरें. पण ऋण किती असावें हें मर्यादा सांगते; तें कशासाठीं काढलें हें ती सांगत नाहीं.

शिवाय सगळाच महसुली खर्च पत्रावळीसारखा नसतो. शाळेची भिंत भांडवली खर्चांत पडते आणि आंत शिकविणारा मास्तर महसुली खर्चांत. तीस वर्षें मी त्याच खात्यांत होतों. मुलांना शिकविलेलें वांया गेलें असें मी कोणत्या तोंडानें म्हणूं? आज माझें निवृत्तिवेतनहि त्याच खात्यांतून येतें. म्हणजे मुंजीच्या पंगतीप्रमाणें याहि पंगतीला मी बसलेलों आहें. आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाईंना ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळाले. त्यांतून त्यांच्या मुलीचीं पुस्तकें आलेलीं मीं पाहिलीं आहेत. २०२५-२६ सालीं त्या योजनेस ३६,००० कोटी रुपये ठेवले होते. तेव्हां देऊंच नये असें माझें म्हणणें नाहीं. द्यावें, पण कोणाच्या खिशांतून, एवढाच प्रश्न आहे.

याचें एक चांगलें उत्तर महाराष्ट्रानेंच पूर्वी देऊन ठेवलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत हजारों शेतकरी व मजूर कामासाठीं खडी फोडीत होते. मागेल त्यास काम मिळालें पाहिजे, या वि. स. पागे यांच्या विचारांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. तिच्या खर्चासाठीं १९७५ सालींच व्यवसाय कर बसविण्यांत आला. नोकरदाराच्या पगारांतून महिना २०० व फेब्रुवारींत ३०० रुपये जे कापले जातात, ते हेच. वर्षाचे २,५०० रुपये, आणि याहून अधिक घेऊं नये अशी मर्यादा संविधानानेंच घातली आहे. खेड्यांतील मजुरास काम द्यावयाचें, तर शहरांतील पगारदारानें त्याचा भार त्याच वर्षीं थोडा उचलावा, असा तो सरळ व्यवहार होता. आम्हां सुशिक्षितांस तो कर नकोसा वाटतो. रस्ते, रुग्णालयें आणि निवृत्तिवेतन मात्र हवें असतें. कर नको आणि सोय हवी, असें घरांतील सर्वांनींच म्हटल्यावर कर्त्या पुरुषानें ऋण न काढून करावें काय? दोष एकट्या कारभाऱ्याचा नाहीं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हिशेबाचे तीन शब्द येतात: आय, व्यय आणि नीवी. नीवी म्हणजे खर्च वजा जातां उरलेली शिल्लक. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनीं वर्षाचे हिशेब आषाढांत आणून दाखवावे, असा तेथें नियम आहे. आमच्या अंदाजपत्रकांत आय आहे, व्यय आहे. नीवीच्या जागीं तूट येऊन बसली आहे.

आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहींत शेवटच्या पानावर मीं आतां एक कोष्टक आंखलें आहे. वर्ष, महसुली तूट, राजकोषीय तूट, आणि पहिलीस दुसरीनें भागून येणारें उत्तर. दोन वर्षांच्या ओळी भरल्या आहेत. वाचकांनींहि आपापल्या वहींत असें पान ठेवावें अशी विनंती आहे. भागाकार साधा आहे. सहावींतल्या मुलासहि येईल. किंबहुना तो त्यालाच करावयास सांगावा. फेडणार तोच आहे.